आधी दगडाची जागा ठरवा, मग जेसीबी बोलवा

कारेगावात दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतलेल्या माणसाची जमिनीशी पहिली गाठ पडते ती दगडापाशी. कागदपत्रं होतात, हद्दीचे खांब रोवले जातात, आणि मग कुठेही पहार मारली की ठण्ण. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं हे गाव रांजणगाव एमआयडीसीला चिकटून आहे. एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट यांचे कारखाने जवळ, त्यामुळे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणं हा इथला जोडधंदाच झाला आहे. आवार साफ करणं, पाया खोदणं, भर टाकणं ही कामं बारा महिने चालू असतात आणि जेसीबी दारात उभा करणं म्हणजे एका फोनचं काम. फोन सोपा, म्हणूनच घाई होते. मशीन येतं, ऑपरेटर विचारतो, "मालक, दगड कुठं टाकू?" आणि मालक चारही बाजूंना बघत राहतो. मीटर मात्र तोवर सुरू झालेलं असतं.

तासाचा दर किती, हे सगळे विचारतात. बिल किती होणार, हे मात्र त्या दगडाची जागा ठरवते. म्हणून मशीन शोधायच्या आधी जमीन बघू.

हा दगड सुटा आहे की खालून आलेला?

शिरूर तालुका लाव्हाच्या पठारावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला आणि त्याचा बेसॉल्ट झाला. विहीर खोदणाऱ्यांना इथला क्रम पाठ असतो: वर माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या तर कुठे थेट काळा पाषाण. आवारात डोकं वर काढणारा धोंडा या क्रमातला नेमका कोण, हे कळलं की निम्मं काम झालं.

बेसॉल्ट चिरांमधून कुजतो. पाणी चिरेत शिरतं, दगडाचे कोपरे आधी झिजतात आणि मधला टणक गाभा गोल गोटा होऊन मुरमात अडकून राहतो. असा गोटा अर्धा उघडा पडला असेल तर त्याच्या कडेला वाकून बघा. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतील, पिवळट-तांबूस, बोटाने दाबले तर चुरा होणारे. हा सुटा गोटा. कितीही मोठा असला तरी बकेटचे दात खाली गेले की उचकटतो. याउलट काही ठिकाणी जो दगड दिसतो तो खालच्या अखंड थराचा नुसता माथा असतो. त्याला जेसीबीने कितीही खरवडा, दात झिजतील, तास वाढतील, दगड जागचा हलणार नाही.

ओळखायची रीत जुनी आणि फुकटची आहे. दगडाच्या कडेने टिकाव-फावड्याने दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या. दगडाची बाजू खाली जाताना आत वळू लागली तर गोटा सुटा. बाजू बाहेर पसरत चालली तर खाली खडक आहे. एकाच जागी बघून समाधान मानू नका, प्लॉटच्या चार-पाच ठिकाणी हे करा. दोन गडी अर्ध्या दिवसात करतील, आणि त्या मजुरीत खडक फोडणाऱ्या ब्रेकरच्या चार-सहा तासांचं भाडं वाचू शकतं.

खाली अखंड खडक निघाला तर तो काढायचाच का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. खोल्यांचा पाया त्यावर बसणार असेल तर इंजिनिअर खूश होतो. काळ्या मातीत पाया खचण्याची, भिंतींना तडे जाण्याची जी धास्ती असते ती खडकावर नसते. अशा वेळी खडक फोडण्यापेक्षा बांधकामाची आखणी दहा फूट सरकवणं स्वस्त पडतं. फोडायचा तो फक्त टाकी, शोषखड्डा किंवा पाइपचा चर जिथे येणार तेवढाच.

आता वजन. घट्ट बेसॉल्टचा एक घनफूट साधारण ८० किलो भरतो. दोन फूट व्यासाचा गोटा म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलो, आणि तीन फुटांचा झाला की अकराशे-बाराशे किलोंवर जातो. व्यास दीडपट झाला की वजन सव्वातिप्पट-साडेतिप्पट होतं, हे बोली करताना लक्षात ठेवायला हवं. "मोठे पाच-सहाच दगड आहेत" असं फोनवर सांगणाऱ्याचे ते पाच-सहा दगडच अख्खी दुपार खातात. म्हणून दगड मोजा. फुटाच्या वरचे किती, दोन फुटांच्या वरचे किती, तीन फुटांच्या वरचे किती, हे वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोत दगडाशेजारी पहार उभी ठेवा, म्हणजे मशीनवाल्याला आकार कळतो.

मशीन कोणतं

नेहमीचा पिवळा जेसीबी, म्हणजे पुढे लोडर आणि मागे खोदायची बकेट असलेलं यंत्र, या कामाला बहुतेक वेळा पुरतो. मशीन महिंद्राचं असो की केसचं, गावात तो जेसीबीच. त्याचं वजन साडेसात टनांच्या आसपास. पुढची बकेट साडेसात फुटांच्या आसपास रुंद असते, म्हणून फाटक दहा फुटांचं असेल तर तो आरामात आत येतो, नऊ फुटांत ऑपरेटरचा कस लागतो. आत येणं वेगळं आणि वळणं वेगळं. मागच्या बकेटने काम करताना त्याला जॅक टाकून बसावं लागतं, मग उठून, फिरून पुढच्या बकेटने दगड उचलावा लागतो. दीड गुंठ्याच्या प्लॉटवर मधोमध झाड असेल तर त्याचा निम्मा वेळ मागेपुढे होण्यातच जातो.

अशा अडचणीच्या जागी मिनी पोकलेन सरस. दीड ते तीन टनांची ही चेनवरची छोटी मशिनं पाच-सहा फुटांच्या वाटेतून जातात आणि जागच्या जागी गोल फिरतात. बांधलेल्या घराच्या मागच्या परसात तोंड घालायचं असेल तर दुसरा इलाज नाही. पण त्यांची ताकद बेताची असते. दोन फुटांचा गोटा ती लोळवतील, तीन फुटांच्या गोट्यापुढे हात टेकतील. शिवाय जेसीबी रस्त्याने स्वतः चालत येतो, मिनी पोकलेन गाडीवर घालून आणावं लागतं, आणि त्या आणण्या-नेण्याचं भाडं वेगळं पडतं. तीन तासांच्या कामासाठी ते कधी कधी कामाइतकंच होतं. शेजारच्या दोघा-तिघांचीही कामं असतील तर एकाच दिवशी लावून हे भाडं वाटून घ्या. कारेगावात शेजारी शेजारी प्लॉट पाडलेले असताना हे अवघड नाही, पण लोक करत नाहीत.

मोठं पोकलेन दोन-तीन गुंठ्यांत आणू नका. ताशी काम जास्त करतं हे खरं, पण आवारात ते काम करायला जागाच नसते. दगड लहान असतील, फुटाच्या आतबाहेरचे, तर जेसीबीचीही गरज नाही. चार मजूर, एक ट्रॅक्टर आणि लोडरची बकेट लावलेला दुसरा ट्रॅक्टर एवढ्यावर भागतं. छोट्या दगडांसाठी जेसीबी लावला की तो दगडाबरोबर निम्मी मातीही भरून नेतो, आणि मग तुम्ही पैसे देऊन माती परत आणता.

अखंड खडकाला ब्रेकर लागतो. तोच जेसीबी किंवा पोकलेन, मागच्या बकेटच्या जागी हायड्रॉलिक ब्रेकर लावलेला. त्याचा दर बकेटच्या दरापेक्षा बराच चढा असतो आणि काम मोजणं अवघड असतं, कारण खडक किती हट्टी आहे हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ब्रेकरचं काम पहिला एक तास नमुन्यासाठी करून घ्या. त्या तासात किती फुटलं ते बघा आणि पुढचं ठरवा.

थोडाच खडक असेल तर वडार समाजातल्या कारागिरांना बोलवा. घण, छिन्नी, सुतकी घेऊन बसलेला जाणता माणूस दगडाची शीर बघतो, तिथे भोकं पाडून पाचरी मारतो आणि धोंडा सरळ रेषेत उकलतो. ब्रेकर दगडाचा चुरा करतो. कारागिराच्या हाताने निघालेला दगड भिंतीला लावता येतो. घराला चिकटून असलेल्या दगडासाठी तर ही पद्धत सर्वांत सुरक्षित, कारण हादरा बसत नाही.

सुरुंगाचा विचार मनातही आणू नका. विहिरींच्या कामातले ओळखीचे लोक "दोन कांड्या लावू, पाच मिनिटांत काम" असं सांगतील. स्फोटकं बाळगणं, वापरणं याला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि वस्तीत उडालेला दगड कुणाच्या पत्र्यावर पडेल याचा नेम नाही.

बोली करताना

अमेरिकेत राहणारे आपले लोक दुकानातून छोटं एक्स्कॅव्हेटर दिवसाच्या भाड्याने आणतात आणि रविवारी स्वतःच चालवतात. आपल्याकडे मशीन ऑपरेटरसकट येतं, आणि ते बरंच आहे. कारण या कामात भाड्याने घ्यायचा तो खरं तर ऑपरेटरचा हात. चांगला ऑपरेटर दगडाच्या वरून बकेट ओढत नाही. तो आधी कडेची माती मोकळी करतो, दात दगडाच्या पोटाखाली घालतो, एकदा हलवून बघतो आणि मग गोटा आपल्याकडे लोळवतो. नवखा पोरगा दगडाला धडका देतो. दोघांचा तासाचा दर एकच असतो, तास मात्र दुप्पट होतात. म्हणून मशीन किती नवं आहे यापेक्षा, गावात नुकतंच कुणाचं आवार साफ झालं आणि तिथे चालवायला कोण होतं, हे विचारा.

दर बाजारात ठरतो, डिझेलबरोबर हलतो आणि हंगामाबरोबरही. एप्रिल-मे महिन्यांत शेतांचं सपाटीकरण, शेततळी, गाळ उपसणं अशी सगळी कामं एकदम निघतात. तेव्हा मशीनवाला तुमच्या चार तासांच्या कामाला दाद देत नाही; आला तरी दुसऱ्या मोठ्या कामाच्या मधल्या सुट्टीत येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत साडेसात टन रुतले तर काढायला दुसरं मशीन लागतं. माझ्या मते दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत चांगले. जमिनीत वाफसा असतो, माती दगडाला सोडते, धूळ कमी उडते आणि मशीनवालाही दोन शब्द बोलायच्या मनःस्थितीत असतो.

बोली फोनवर झाली तरी दर, डिझेल आणि तास या गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. वेळ कुठून मोजायची: मालकाच्या दारातून निघाल्यापासून की तुमच्या फाटकात आल्यापासून? कमीत कमी किती तासांचे पैसे लागतील? डिझेल दरात धरलं आहे ना? जेसीबी तासाला पाच लिटरच्या आसपास डिझेल पितो, त्यामुळे "दर कमी, डिझेल तुमचं" ही बोली कागदावर हिशेब करूनच स्वीकारा. ऑपरेटरचा भत्ता, जेवण कुणाकडे? पाइप फुटला, पंक्चर झालं तर तो वेळ कुणाचा? मालक जीएसटी नोंदणीवाला असेल तर १८ टक्के वर लागतील, ते दरात आहेत की बाहेर? हे शेवटचं विचारायचं राहून जातं आणि बिलाच्या वेळी आवाज चढतात.

मशीनवर तास मोजणारं मीटर असतं. काम सुरू करताना त्याचा फोटो काढा, संपताना काढा. ऑपरेटरला यात वावगं वाटत नाही. उलट "दादा, मीटर बघून घ्या" असं तोच म्हणतो. मीटर नुसतं उभं असलेलं इंजिनही मोजतं, हे लक्षात ठेवून चहाला थांबताना इंजिन बंद करायला सांगा. मशीनचा विमा चालू आहे का आणि ऑपरेटरकडे परवाना आहे का, हेही विचारायला लाजू नका. शेजाऱ्याची भिंत पडली तर वाद तुमच्या दारात येतो.

दगडाचा मुक्काम

आता मूळ मुद्दा. समजा तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे आणि त्यात दोन फुटांचे साठ सुटे गोटे आहेत. घट्ट माप अडीच ब्रास, पण ढीग केला की मधल्या पोकळ्या धरून चार ब्रासच्या घरात जातो. वजन वीस टन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने न्यायचे तर चार-पाच खेपा. समजा तासाचा दर बाराशे रुपये. साठ गोटे उपटायला तीन तास, जागा सारखी करायला दोन तास, म्हणजे सहा हजार. इथपर्यंत ठीक. पण ट्रॉली एकच आणि दगड टाकायची जागा चार किलोमीटरवर असेल तर प्रत्येक खेपेला जेसीबी अर्धा तास नुसता उभा. चार वेळा थांबला की चोवीसशे रुपये वाऱ्यावर, ट्रॉलीचं भाडं वेगळं. आणि एवढं करून दगड जातो कुठे? रस्त्याच्या कडेला, ओढ्यात, नाहीतर गायरानात. पुढच्या पावसात ओढा तुंबला की गाव तुमचं नाव घेतं.

बाहेर नेण्यात कायद्याचीही मेख आहे. दगड आणि मुरूम हे गौण खनिज. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक सापडली तर खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन, मशीन जप्त होऊ शकतं. ट्रॉली रस्त्यावर अडवली गेली की "माझ्याच प्लॉटमधला आहे साहेब" हे उत्तर पुरत नाही. स्वामित्वधन भरल्याचा आणि वाहतुकीचा परवाना दाखवावा लागतो. बरेच मशीनवाले दगड बाहेर भरून द्यायला का कू करतात, त्याचं कारण हेच. तो आडमुठेपणा समजू नका.

मात्र जे प्लॉटमध्येच राहतं त्याची गोष्ट वेगळी. पुण्याच्याच प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली तर तिला सरसकट गौण खनिज धरता येणार नाही, अशी भूमिका घेतली. पुढे राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत २०१५ साली दुरुस्ती होऊन, प्लॉट विकसित करताना निघालेली आणि त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा विकासाच्या कामाला वापरलेली माती स्वामित्वधनातून सुटली. सवलतीचा शब्द 'माती' आहे. म्हणून खडक फोडून मोठ्या प्रमाणावर दगड काढायचा असेल, किंवा एकही ट्रॉली बाहेर जाणार असेल, तर आधी तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटा आणि शिरूरच्या तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. दहा-वीस गोटे इकडचे तिकडे लावायला एवढा खटाटोप लागत नाही.

तेव्हा आवारातला दगड आवारातच जिरवायचा, आणि तो जिरतो. पाचशे चौरस फुटांच्या खोल्यांच्या जोत्यात नऊ इंचांचं दगडी सोलिंग करायचं तर पावणेचार ब्रास दगड लागतो. वरच्या उदाहरणातला सगळा ढीग तिथेच संपला! फक्त दोन फुटांचे गोटे तसेच टाकायचे नाहीत. फोडून सहा ते नऊ इंचांचे करायचे, उभे रचायचे आणि फटींत मुरूम भरून पाणी मारायचं. जोतं आताच बांधायचं नसेल तर दगडाचा ढीग मागच्या कोपऱ्यात रचून ठेवा, पण पुढे जिथे बोअर किंवा टाकी येणार ती जागा सोडून.

दुसरी जागा कंपाउंडची. चार फूट उंच, सव्वा फूट जाड भिंत, खाली दगडी पाया, असं धरलं तर चार ब्रासमध्ये पन्नास-साठ फूट लांबी निघते. गोल गोटा भिंतीत बसत नाही, घरंगळतो. त्याला फोडून तोंड काढावं लागतं, मधे चिपा ठोकाव्या लागतात. ही मजुरी धरूनही, विटा आणि वाहतुकीचे आजचे भाव बघता, दगडी भिंत तोट्यात जात नाही. उतारावरचा प्लॉट असेल तर खालच्या अंगाला दगडांची ताल घाला, सुक्या रचाईची. माती अडते आणि पाणीही मुरतं. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने पाणलोटाच्या कामातून अडवलेल्या पाण्याची किंमत जगाला दाखवली, आणि शिरूरचा हा पट्टाही पावसाच्या बाबतीत तसाच हात आखडता असलेला.

एक गोष्ट मात्र करू नका. ऑपरेटर सुचवेल, "मोठा खड्डा घेतो, सगळे दगड त्यातच गाडतो." पटकन होतं, स्वस्त पडतं. पण गोट्यांमधल्या पोकळ्यांत माती हळूहळू उतरत राहते आणि दोन-तीन पावसाळे जमीन बसत जाते. वर बांधकाम, फरशी किंवा गाडी लावायची जागा येणार असेल तर हा खड्डा नंतर महागात जातो. बागेच्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी सोडण्यासाठी मुद्दाम केलेला दगडी खड्डा असेल तर गोष्ट निराळी.

मशीन यायच्या आदल्या दिवशी

फक्कीने जमिनीवर रेघा मारा. काय काढायचं, काय राहू द्यायचं, ढीग कुठे, मशीन कुठून शिरणार, सगळं पांढऱ्या रेघांत दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं इंजिनच्या आवाजात ऐकू जात नाही.

मग जमिनीखालचं बघा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, जुनी पाण्याची टाकी यांच्या झाकणांवरून साडेसात टन गेले की झाकण आणि चाक दोन्ही आत. यांच्याभोवती खांब ठोकून दोरी बांधा. पाण्याची लाइन, महावितरणची केबल, फायबर कुठून गेली आहे ते ग्रामपंचायतीत आणि शेजाऱ्यांकडे विचारा. २०२३ साली केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप याच कामासाठी सुरू केलं आहे. रस्त्याच्या कडेला खोदायचं असेल तर त्यावर नोंद करा. जुन्या विहिरीच्या काठाजवळ तर मशीन नेऊच नका; वरून घट्ट दिसणारा काठ आतून पोखरलेला असतो.

आणि वर बघा. रस्त्यापासून आत, शेतावरून जाणाऱ्या उघड्या तारा नियमाप्रमाणेही १५ फुटांवर असू शकतात, झोळ पडलेल्या त्याहून खाली. जेसीबीचा मागचा हात ताणला की सहज तेवढा वर जातो. तारेपासून दहा फूट अंतर राखायचं ठरवा आणि ते सांभाळायला एक माणूस नुसता उभा करा. तारा अगदी डोक्यावर असतील तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून तेवढा वेळ लाइन बंद करून घ्या. तार मशीनला चिकटलीच तर ऑपरेटरने खाली उतरायचं नाही आणि बाकीच्यांनी जवळ जायचं नाही, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत.

दगडांखाली कोण राहतं, हेही ध्यानात असू द्या. या माळरानावर घोणस, फुरसं, नाग आणि विंचू सगळे आहेत, आणि दगडाखालचा गारवा त्यांना आवडतो. मशीनने गोटा उलटला की पोरं बघायला धावतात. त्यांना दूर ठेवा. मजुरांच्या पायांत बूट हवेत, चप्पल नको, आणि दगडाच्या फटीत हात घालायच्या आधी पहार घाला.

शेजारधर्माचं म्हणाल तर कारेगावात एक खास अडचण आहे. आसपासच्या खोल्यांमधले निम्मे लोक रात्रपाळी करून सकाळी झोपलेले असतात. ब्रेकर लावायचा असेल तर आदल्या दिवशी चाळीत निरोप द्या आणि शक्यतो दुपारनंतर काम काढा. जुन्या मातीच्या भिंतीशेजारी ब्रेकर चालणार असेल तर आधी त्या भिंतीचे, असलेल्या तड्यांसकट, शेजाऱ्यांच्या समोरच फोटो काढून ठेवा.

कामाच्या वेळी

वरची सहा इंच माती आधी पुढच्या बकेटने एका बाजूला काढून घ्या. झाडं लावायला हीच लागते, आणि दगडांच्या गडबडीत ती मुरमात मिसळली की परत मिळत नाही. मग मोठे गोटे, फाटकापासून लांबच्या टोकाकडून सुरुवात करून, म्हणजे मशीनला स्वतःच्याच ढिगावरून यावं लागत नाही. मागच्या बकेटने उपटायचं, पुढच्या बकेटने उचलायचं. तीन फुटांचा गोटा मागच्या बकेटच्या टोकावर लटकवून फिरवू देऊ नका, मशीन कलंडतं. ढीग तीन करा: भिंतीचा दगड, सोलिंगचा दगड, आणि बारीक चुरा. वेगळे ढीग करायला अर्धा तास जास्त जाईल. एकत्र ढीग मजुरांकडून वेचायला दोन दिवस जातात. तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी जाणतं माणूस पूर्ण वेळ हजर हवं. मोबाइलवर बोलत बाजूला उभं राहणं म्हणजे हजर राहणं नव्हे. आई-आजी ज्या झाडाला पाणी घालतात ते झाड ऑपरेटरला झुडूपच दिसतं.

दगड निघाल्यावर झालेले खड्डे मुरमाने भरताना नऊ-दहा इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर दाब, मग पुढचा थर, अशीच भर करून घ्या. एकदम लोटलेला मुरूम जेसीबीच्या चाकांनी वरून दाबला तरी खाली पोकळच राहतो. भर नीट झाली तरी तिच्यावर लगेच फरशी किंवा काँक्रीट घालू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या, जिथे जमीन बसेल तिथे पुन्हा मुरूम टाका, आणि मगच गवंड्याला बोलवा.